लिव्हरवाला तो मेसेज आणि पाळधीला जाम झालेलं चाक

मे महिन्यातली दुपार, जळगाव नुसतं भाजून निघालेलं, मी जेवून जरा आडवा झालो होतो आणि भाच्याचा फोन. "मामा, गाडीनं पुढलं चाक फिरी नही ऱ्हायनं, काय करू आते?" अमळनेरहून येत होता, धरणगाव मागे टाकून पाळधीला रसवंतीवर थांबला, रस पिऊन निघायला गेला तर गाडी जागची हलेना. म्हणे रस्त्यात पण जड ओढत होती, मला वाटलं पेट्रोल खराब भरलं गेलं.

गाडीला काय केलं होतंस विचारलं तर म्हणे काही नाही, फक्त शॉर्टी लिव्हर लावले, म्हणजे बाईकच्या हँडलवरचे ब्रेक-क्लचचे आखूड लिव्हर, ग्रुपवर आलं होतं ना तसं. ग्रुप म्हणजे आमच्याच भाऊबंदांचा, त्यात मी पण आहे, आणि तो मेसेज मी वाचला होता आणि "फालतू" म्हणून पुढे सरकलो होतो. तेवढी चूक माझी. त्यानंतर तोच मेसेज अजून दोनदा आला, एकदा तर साडूने पाठवला, म्हणून आता बसून लिहितोय. मी मेकॅनिक नाही, पण अठरा वर्षं स्पेअर पार्टच्या काउंटरवर उभा आहे, लिव्हर किती विकले आणि किती परत आले ते मला माहिती आहे.

मेसेज ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. वर आगीची चित्रं, मग "ओरिजिनल लिव्हर फेका, 400 रुपयात रेसिंग ब्रेक". एक, छोटा लिव्हर लावला की ब्रेकची ताकद डबल. दोन, लिव्हर ढिला ठेवायचा नाही, पुढचा स्क्रू आत फिरवून फ्री प्ले शून्य करा, बोट लावताच ब्रेक. तीन, सीएनसी लिव्हर कधी तुटत नाही आणि कुठल्याही गाडीला बसतो. चार, पैसे नसतील तर जुन्याच लिव्हरच्या टोकाचा गोळा ग्राइंडरने कापा, मोटोजीपीवाले, म्हणजे बाईकच्या जागतिक रेसवाले, हेच करतात. पाच, बोल्ट फुल आवळा आणि पिव्हटला, म्हणजे लिव्हर ज्या बोल्टवर फिरतो तिथे, इंजिन ऑईल सोडा. सहा, ब्रेक लाईटचा स्विच मधे येत असेल तर काढून टाका. आणि शेवटी ते नेहमीचं, मेकॅनिक लोक हे तुम्हाला सांगणार नाहीत. का सांगतील भो, त्यांना तुरुंगात जायचंय का?

आधी दुसरा मुद्दाच घेतो, कारण पोराला त्यानेच भर उन्हात उभं केलं.

डिस्क ब्रेकच्या लिव्हरमागे मास्टर सिलिंडर असतो, वर ब्रेक ऑईलची छोटी डबी. लिव्हर दाबला की त्याचं नाक पिस्टनला ढकलतं, पिस्टन ऑईलला ढकलतो, ऑईल खाली चाकाजवळच्या कॅलिपरमधे, म्हणजे डिस्कला धरणाऱ्या चिमट्यात, जाऊन पॅड डिस्कवर दाबतं. इथपर्यंत सगळ्यांना माहिती. जे माहिती नसतं ते असं की डबीतून सिलिंडरमधे येणारं एक सुईएवढं बारीक भोक असतं, पिस्टनच्या रबरी सीलच्या अगदी पुढे. लिव्हर सोडलेला असतो तेव्हा ते भोक उघडं असतं. लिव्हर दाबला की सील त्या भोकाच्या पुढे सरकतं, भोक बंद, आणि मग दाब तयार होतो. सोडला की पुन्हा उघडं. हे भोक कशाला ठेवलंय? तर ऑईल गरम झालं की फुगतं, ते फुगलेलं ऑईल परत वर डबीत जायला वाट पाहिजे. आणि ती वाट उघडी राहायला लिव्हर सुटल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला पाहिजे, म्हणून लिव्हरचं नाक आणि पिस्टन यांच्यात ती केसभर जागा. तीच ही फ्री प्ले, जी मेसेजवाला म्हणतो शून्य करा.

स्क्रू आत फिरवला की पिस्टन कायमचा मिलीमीटरभर पुढे दाबलेला राहतो. भोक बंद. आता गाडी चालवा, दोनचार वेळा ब्रेक मारा, ऑईल गरम झालं, फुगलं, वाट नाही, मग ते पॅडलाच ढकलणार. पॅड डिस्कला घासले की अजून गरम, अजून फुगणार, अजून घासणार. ब्रेक न दाबता ब्रेक लागत जातो. आणि आपल्याकडचा मे महिना, जिथे 44-45 पर्यंत पारा जातो आणि हायवेवर खालून डांबर वेगळं भाजतं, तिथे तर हे अजून लवकर.

आता यातली खरी गंमत ऐका, म्हणजे गंमत कसली. पहिले पाचसात किलोमीटर ब्रेक खरंच भारी वाटतो. लिव्हर कडक लागतो, बोट लावताच गाडी थांबते. मेसेजखाली "भाऊ एक नंबर, करून बघितलं" लिहिणारे खोटं बोलत नाहीत, ते गल्लीत एक चक्कर मारून आलेले असतात. तो कडकपणा म्हणजेच अडकलेला दाब. भाचा पण धरणगावपर्यंत खूष होता, त्यानेच सांगितलं.

फोनवर मी त्याला म्हटलं डिस्कला हात लावू नको, लिव्हरच्या नाकावरचा जो स्क्रू तू आत घेतलास तो सगळा बाहेर काढ. दोन मिनिटांनी म्हणतो, "मामा, सुटनं!" सुटणारच, पिस्टन मागे आला, भोक उघडलं, दाब डबीत परत गेला. तुमच्यावर अशी वेळ आलीच तर आधी हे करा, स्क्रू नसलेला लिव्हर असेल तर पिव्हटचा बोल्ट काढून लिव्हरच बाजूला करा. नशीब की रसवंतीवर उभा असताना जाम झालं. साठच्या स्पीडला ट्रकच्या मागे झालं असतं तर हे लिहायला मी बसलो नसतो, अक्काच्या घरी बसलो असतो.

घरी आणल्यावर बघितलं तर डिस्क निळसर पडलेली, पॅडवर काचेसारखी चकाकी. पॅड बदलले आणि ब्रेक ऑईल पण काढून टाकलं, कारण डॉट 4 (ही ब्रेक ऑईलची जात, डबीच्या झाकणावर लिहिलेली असते) चं नवं ऑईल 230 डिग्रीपर्यंत उकळायला नको असा नियम आहे पण हे ऑईल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी मुरलं की तीच मर्यादा 155 वर येते. एकदा उकळलं की आत वाफेचे बुडबुडे, मग लिव्हर थेट ग्रिपला टेकतो आणि गाडी थांबत नाही. म्हणजे आधी नको तिथे ब्रेक आणि नंतर पाहिजे तेव्हा गायब.

एक गोंधळ इथेच मिटवतो. लिव्हरवर 1 ते 6 आकडे असलेली जी फिरकी असते ती लिव्हर ग्रिपपासून किती लांब राहील ते ठरवते, ती खुशाल फिरवा. नाकावरचा बारीक स्क्रू वेगळा, तो पिस्टनशी बोलतो, त्याला हात लावायचा तर काय करतोय ते कळलं पाहिजे. तपासायचं सोपं आहे, लिव्हर बोटाने हळू हलवला तर आधी थोडा पोकळ हलला पाहिजे आणि मग पिस्टन लागला पाहिजे. डबीचं झाकण उघडून लिव्हर अगदी हळू दाबला तर सुरुवातीलाच ऑईलमधे बारीकशी उसळी दिसते, दिसली म्हणजे भोक उघडं आहे. ऑईल टाकीवर सांडू नका, रंग जातो. आणि नवा लिव्हर लावल्यावर पहिल्या दिवशी दहाएक किलोमीटर जाऊन या, गाडी पुढून उचलून चाक हाताने फिरवा. मोकळं फिरलं पाहिजे.

हीच फ्री प्ले क्लचला पण लागते, तिथे कारण वेगळं. वायर ताणून ठेवली तर प्लेटा पूर्ण दाबल्याच जात नाहीत, क्लच घसरतो. कन्नडच्या घाटात चढताना इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे जात नाही असं झालं की समजा. होंडाच्या बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमधे लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिलीमीटर दिलीय, तुमच्या गाडीचं तुमच्या पुस्तकात बघा, ते पुस्तक सीटखाली पिशवीत सडत असतं.

आता ते ग्राइंडरचं. मेसेजवाल्याने मोटोजीपीचं नाव घेतलंय ना, मग त्यांचाच नियम सांगतो. मोटरसायकल रेसिंगची जागतिक संघटना एफआयएम, तिच्या रोड रेसिंगच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की हँडलवरच्या प्रत्येक लिव्हरच्या टोकाला गोळा पाहिजे, किमान 16 मिलीमीटर व्यासाचा. चपटा केला तरी चालेल पण कडा गोल पाहिजेत आणि जाडी 14 च्या खाली नको. शिवाय तो लिव्हरचाच भाग पाहिजे, वरून चिकटवलेला नाही. म्हणजे कापलेला लिव्हर घेऊन गेलात तर ते तुम्हाला ट्रॅकवर सोडणार नाहीत. रेसवाले छोटे लिव्हर वापरतात हे खरं, पण त्या छोट्याला पण गोळा असतो. का, ते कधी पडलेल्या माणसाची मांडी बघितली असेल त्याला विचारा. ग्राइंडरने कापलेलं टोक म्हणजे हँडलला बांधलेली छिन्नी. आमच्या काउंटरवर एक गिऱ्हाईक असा कापलेला लिव्हर घेऊन आला होता, म्हणे याला रबरी टोपी मिळेल का. मी त्याला नवा लिव्हर दिला आणि जुना ठेवून घेतला, अजून आहे ड्रॉवरमधे.

ताकद डबल होते म्हणणाऱ्याने गावातली हापशी कधी हापसलेली नसावी. दांडा लांब तर पाणी हलक्या हाताने, दांडा अर्धा कापला तर लोंबकळावं लागतं. समजा पिस्टन पिव्हटपासून अडीच सेंटीमीटरवर आहे आणि तुमची बोटं बारावर, तर जोर 4.8 पट होतो. बोटं आठावर आली की 3.2 पट. तेवढाच ब्रेक पाहिजे तर जोर दीडपट लावा. आता अर्धं खरं काय ते पण सांगतो, नाइलाज आहे. दोनच बोटांनी ब्रेक दाबायची सवय असेल आणि बोटं लिव्हरच्या मधेच ठेवत असाल, तर शॉर्टीने काही बिघडत नाही, उरलेली दोन बोटं ग्रिपवर मोकळी राहतात. हात लहान असेल तर ती आकड्यांची फिरकी खरंच कामाची, माझ्या बायकोच्या हाताला कंपनीचा लिव्हर लांबच पडतो. फक्त सगळ्यात जवळच्या आकड्यावर ठेवून एकदा जीव लावून दाबून बघा, लिव्हर ग्रिपला टेकत असेल तर तो आकडा तुमच्यासाठी नाही.

सीएनसी म्हणजे मशीनने ठोकळ्यातून कोरलेलं. ती बनवायची पद्धत झाली, मजबुतीचं सर्टिफिकेट नाही. आणि अर्ध्या मालावर सीएनसी फक्त छापलेलं असतं, आतून साच्यात ओतलेला पांढरा धातू. नखाने कडेवर साच्याची रेघ लागते का, पिव्हटच्या भोकाजवळ बारीक खड्डे दिसतात का एवढं बघा. असला लिव्हर वाकत नाही, सरळ तुटतो. ओरिजिनल बहुतेक वेळा वाकतो, काहींच्या टोकाजवळ तर मुद्दाम खाच असते, पडल्यावर टोक जावं आणि घरी यायला पुरेल एवढा लिव्हर उरावा म्हणून.

"कुठल्याही गाडीला बसतो" हे तर सोडूनच द्या. ड्रम ब्रेकच्या लिव्हरला वायरची निपल, म्हणजे टोकाची गोळी, अडकवायची जागा असते, डिस्कच्या लिव्हरला पिस्टन ढकलायचं नाक, दोन्ही दिसायला भाऊ भाऊ पण कामाला वेगळे. नाकाची लांबी मिलीमीटरभर चुकली तरी वरची सगळी रामकहाणी पुन्हा, स्क्रू न फिरवताही. पॅकेटवर तुमच्या गाडीचं नाव आणि मॉडेलचं वर्ष नसेल तर घेऊ नका. स्कूटरवाल्यांनी तर जास्तच जपा, सीबीएस, म्हणजे पुढचा-मागचा ब्रेक जोडलेला, असलेल्या बऱ्याच स्कूटरला डावा लिव्हर दोन्ही ब्रेक ओढतो, तिथे युनिव्हर्सल नावाचं काही लावू नका.

बोल्ट फुल आवळायचं म्हणतो. होंडाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधे बऱ्याच मॉडेलला ब्रेक लिव्हरचा पिव्हट बोल्ट आवळायचा जोर 1 न्यूटन मीटर आहे, म्हणजे जेमतेम हाताने टेकवल्याएवढा, आणि खालचा नट 6 च्या आसपास. बोल्ट हा दांड्याचा आस आहे, पकडायचं काम नटाचं. बोल्ट आवळला की लिव्हर दोन कानांमधे चिमटला जातो, सोडल्यावर परत येत नाही, आणि परत आला नाही की पिस्टन पण परत येत नाही. जुन्या लिव्हरच्या भोकात पितळी बुश, म्हणजे बोल्टभोवतीची छोटी नळी, असेल तर तो काढून नव्यात घाला, लोक तो जुन्याबरोबर फेकतात आणि मग लिव्हर खुळखुळतो म्हणून भांडायला येतात.

इंजिन ऑईल अजिबात नको. ब्रेकचं रबरी सील ब्रेक ऑईलला चालतं, खनिज तेलाने फुगतं आणि सिलिंडरमधे अडकतं. पिस्टनजवळ सिलिकॉन ग्रीस, बोटाच्या टोकावर मावेल एवढं. क्लचच्या पिव्हटला साधं ग्रीस चालतं.

आणि तो स्विच. नवा लिव्हर त्याला नीट दाबत नसेल तर लाईट लागत नाही किंवा कायमचा लागून राहतो, क्लचच्या बाजूला असेल तर काही गाड्या गियरमधे स्टार्टच होत नाहीत. स्विच काढणं हा उपाय नाही, लिव्हर चुकीचा आहे असा त्याचा अर्थ. रात्री गाडी भिंतीला पाठ करून लावा, आधी फक्त हाताचा ब्रेक, मग फक्त पायाचा, दोन्ही वेळा भिंत लाल झाली पाहिजे आणि सोडल्यावर विझली पाहिजे.

भाच्याच्या गाडीला पुढे आता कंपनीचाच ब्रेक लिव्हर आहे. क्लचचा शॉर्टी मात्र त्याने काढू दिला नाही, दिसायला भारी दिसतो म्हणे. राहू दिला, बुश होता, फ्री प्ले होती, टोकाला गोळा पण होता.