पॅनमन बदलला तर काय बिघडतं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की साखर कारखान्यात आता ऑटोमेशन आलंय, एसओपी (कामाची ठरलेली लेखी पद्धत) भिंतीवर लावलेली असते, एक पॅनमन (साखरेचा दाणा तयार करायचं बंद भांडं, म्हणजे पॅन, चालवणारा) सोडून गेला तर दुसरा आणायचा, त्याच्यासाठी पगार वाढवत बसायची गरज नाही. मला हे अजिबात पटत नाही.

पॅनमध्ये सिरप (आटवलेला उसाचा रस) व्हॅक्यूमखाली ६०-६५ अंशांच्या आसपास उकळत असतं, त्यात सीड (साखरेचे बारीक कण) देऊन दाणा वाढवायचा असतो. मीटर ब्रिक्स (किती घट्ट झालंय ते) दाखवतं, व्हॅक्यूम दाखवतं, मान्य. पण जुना पॅनमन प्रूफ स्टिकने (पॅनमध्ये घालायच्या दांडीने) नमुना काढतो, काचेवर पसरून लाइटसमोर धरतो, चिमटीत घेऊन तार बघतो आणि तिथल्या तिथे ओरडतो, बारीक दाणा पडतोय, स्टीम कमी कर, पाणी मार! हा फॉल्स ग्रेन (नको असताना पडलेला नवा दाणा) वेळेत दिसला नाही तर एकतर तो विरघळवत बसा, म्हणजे वाफ आणि वेळ दोन्ही गेलं, नाहीतर तो सेंट्रिफ्युगलच्या (साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या फिरत्या यंत्राच्या) जाळीतून सरळ मळीत जातो. शिवाय दाणा बारीक राहिला की माल एम-३० (मध्यम दाणा) ऐवजी एस-३० (लहान दाणा) मध्ये जातो, त्याला भाव कमी.

ऑटोमेशनला माझा विरोध नाही, ताज्या उसावर ते छान चालतं. पण मार्चच्या उन्हात जळका, तोडून दोन-तीन दिवस पडलेला ऊस येतो ना, तेव्हा डेक्स्ट्रान (शिळ्या उसात जंतूंमुळे होणारा चिकट पदार्थ) वाढतं, रस चिकट होतो, दाणा लांबट यायला लागतो, तिथे एसओपीतले आकडे कामाला येत नाहीत.

बरं, दुसरीकडचा तेवढाच अनुभवी माणूस आणला तरी कुठल्या पॅनचं सर्क्युलेशन मंद आहे, स्टीम प्रेशर पडलं की कुठला आधी रेंगाळतो, हे त्याला कोण सांगणार? मी लॅबला होतो तेव्हा पगार थकले म्हणून सी-पॅनवरचा (शेवटची साखर काढायच्या पॅनवरचा) जुना माणूस ऐन सीझनमध्ये गेला. नवा आला तो मेहनती होता, त्याला दोष नाही, पण फायनल मोलॅसिसची (शेवटी उरलेल्या मळीची) प्युरिटी (तिच्यातलं साखरेचं प्रमाण) वर सरकली, म्हणजे साखर मळीच्या टाकीत चालली होती आणि अकाउंट्सला फक्त पगाराचा खर्च कमी झालेला दिसत होता.

मग पोरांनी शिकायचं कधी, हा तुमचा प्रश्न मात्र रास्त आहे. जुना माणूस असतानाच त्याच्या हाताखाली पोरगा ठेवा, निदान दोन सीझन. आणि हंगामी कामगारांचा ऑफ-सीझनचा रिटेन्शन अलाउन्स वेळेवर द्या, नाहीतर बॉयलर पेटायच्या आधीच तुमचा पॅनमन कर्नाटकातल्या कारखान्यात हजर झालेला असतो.