दोन किलो रसगुल्ले आणि एक चूल

तंबूत राहायला जाताना न्यायची हलकी चूल घरी करायची, तर पहिली पायरी म्हणजे दोन किलो रसगुल्ले संपवणे. कोणत्याही कृतीत हे लिहिलेलं नसतं, पण ते टाळता येत नाही. एक किलोचा रसगुल्ल्याचा डबा साधारण १० सेंटिमीटर रुंद, १२ सेंटिमीटर उंच असतो आणि त्याच्या तोंडाला दुमडलेली जाड कड असते. आपल्याला हवी असते ती हीच कड. एक डबा चुलीच्या पोटात जातो, दुसरा कापून पातेल्याखालची अडणी होते. उरलेल्या पाकाचं काय करायचं, हा ज्याच्या त्याच्या साखरेचा प्रश्न.

बाहेरून लागतो दूध पावडरचा मोठा डबा, पावणेतेरा सेंटिमीटर रुंदीचा. तान्हं बाळ असलेल्या घरात असे डबे ढिगाने पडलेले असतात. लोक ते आनंदाने देतात, फक्त ‘कशाला हवाय?’ हे विचारल्याशिवाय सोडत नाहीत. ‘चूल करायचीय’ हे उत्तर देऊ नये. ‘कुंडी’ म्हणावं आणि निघावं.

आता भोकं. या चुलीत पत्रा कमी आणि भोकं जास्त. आतल्या डब्याच्या बुडाला ६ मिलिमीटरची पस्तीसेक, वरच्या कडेखाली एक सेंटिमीटर सोडून त्याच मापाची वीस, सारख्या अंतरावर. दूध पावडरचा डबा उपडा करायचा, म्हणजे त्याचं तोंड खाली येतं. त्या तोंडापासून दोन सेंटिमीटर वर बाजूने १२ मिलिमीटरची पंधरा. हिशोब सरळ आहे: १२ चं एक भोक म्हणजे ६ ची चार, आणि बाहेरून येणारी वाट आतल्या सगळ्या वाटांच्या बेरजेपेक्षा अरुंद नको. आत पंचावन्न आहेत, म्हणून बाहेर चौदाच्या खाली गेलात की चूल गुदमरते.

खिळा आणि हातोडी घेऊन रिकाम्या डब्यावर तुटून पडलात, तर भोक पडायच्या आधी डबा चेपतो. आत बसेल असा लाकडी ओंडका घालावा, नाहीतर डब्यात पाणी भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावा. बर्फाने भरलेला डबा खिळा मुकाट सोसतो. मात्र फ्रीझरमध्ये डबा का आहे, याचं स्पष्टीकरण तयार ठेवा. ड्रिल असेल तर उत्तम. स्टेप ड्रिलचं, म्हणजे एकाच टोकाने लहानमोठी भोकं पाडणारं पायऱ्यांचं पातं मिळालं तर दुधात साखर. भोकांच्या कडेला राहिलेली बूर, म्हणजे पत्र्याची धारदार कुसळं, कानशीने घासून काढायची. चामडी हातमोजे घातलेच पाहिजेत. ‘एवढ्याशा कामाला कशाला’ म्हणणाऱ्यांना धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागतं, आणि ते चुलीपेक्षा महाग पडतं.

सगळ्यात नाजूक काम पुढे आहे. उपड्या डब्याच्या बुडावर आतला डबा ठेवून पेन्सिलीने गोल काढायचा. पेन्सिल कडेबाहेरून फिरवली, की गोल मोठा होतो आणि आतला डबा सरळ खाली पडतो. मग पुन्हा दूध पावडरवाल्या घरी जाणं आलं. कड सोडून अंगाचं माप घ्या. गोल त्याहून अर्धा सेंटिमीटर आत कापा आणि रेषेपर्यंत चिरा देऊन त्या पट्ट्या खाली दाबा. डबा आत ढकलला की पट्ट्या त्याला धरतात, कड वर अडकते आणि बूड जमिनीपासून तीन सेंटिमीटर अधांतरी राहतं. ना स्क्रू, ना रिबीट. अडणीसाठी दुसऱ्या डब्याचा पाच सेंटिमीटर उंचीचा पट्टा कापून त्याला मोठ्या खिडक्या पाडायच्या. सगळं मिळून वजन अर्धा किलोच्या आत.

‘जरा मजबूत होईल’ म्हणून गॅल्व्हनाइज्ड पत्रा आणू नका. तापला की जस्ताचा धूर सोडतो आणि तो छातीत गेला की ताप येतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तेव्हा शीतपेयाच्या डब्याची चूल पोह्यांच्या आधीच बसते. आपल्या डब्यांनाही आतून लाखेसारखा थर आणि बाहेरून रंग असतो. म्हणून पहिला जाळ मोकळ्या हवेत, स्वयंपाकाविना.

आता खरी परीक्षा. ही चूल वरून पेटवायची असते. बोटाएवढ्या जाडीचे, दोन-तीन सेंटिमीटर लांबीचे वाळलेले तुकडे वरच्या भोकांच्या जरा खालपर्यंत भरायचे, वर नारळाची शेंडी आणि दोन कापराच्या वड्या, आणि काडी. जाळ वरून खाली उतरत जातो, लाकडातून वायू सुटतो आणि दोन डब्यांमधून तापत चढलेली हवा वरच्या भोकांतून शिरून तो वायू जाळते. हिलाच दुय्यम हवा म्हणतात. टॉम रीड या अमेरिकन संशोधकाला ही वरून पेटवायची कल्पना १९८५ च्या सुमारास सुचली. नॉर्वेचे पॉल वेंडेलबो स्वतंत्रपणे तिथेच पोचले. या दोघांपैकी कोणालाही चुलीभोवती जमणारी आपली माणसं भेटली नसावीत.

कारण ही चूल एकच मागणी करते: हात लावू नका. आणि नेमकं तेच कोणाला जमत नाही. पहिली तीन-चार मिनिटं थोडा धूर होतो, तेवढ्यात एक जण काटकी खुपसतो, दुसरा फुंकर मारतो, तिसरा ‘खालून पेटवायला हवं होतं’ म्हणतो. खुपसलं की थर मोडतो, जाळ खाली पडतो आणि चूल साध्या उकिरड्यासारखी धुमसते. थांबलात, तर वरच्या भोकांतून ज्वाळा आत वळताना दिसतात आणि लिटरभर पाणी दहा-बारा मिनिटांत उकळतं. एवढं करूनही धूर येतच असेल, तर लाकूड ओलं आहे किंवा पातेलं अडणीशिवाय थेट तोंडावर ठेवलं आहे. आणि कण्हेर, बिब्बा यांच्या काटक्या उचलू नका. बिब्ब्याचा धूरसुद्धा अंगावर उठतो.

पातेल्याच्या बुडाला आधी ओली राख किंवा माती फासा. काजळी नंतर पाण्याने निघते. आजीला हे ठाऊक होतं, तिला विचारलं कोणी नाही.

पाऊस आला म्हणून चूल तंबूत घ्यायची नाही, तंबूच्या पडवीतही नाही. ज्वाळा संपून निखारे उरले की कार्बन मोनॉक्साइड वाढतो. त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. काश्मीर-लडाखकडे खोली तापवणाऱ्या बुखारी नावाच्या शेगडीला धुराडं असतं, आपल्या रसगुल्ल्याला नाही.

राखीव जंगलात नियम मोडून विस्तव करणं १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि हरिश्चंद्रगड तर अभयारण्यातच येतो. तेव्हा चूल पायथ्याच्या गावात, विचारून, कोणाच्या तरी अंगणात, खाली स्टीलची ताटली ठेवून. तिथे तुमचं पाणी उकळायच्या आत घरमालकीणबाई आपल्या चुलीवरचा चहा घेऊन येतात. तो निमूट प्यावा.

परतताना निखाऱ्यांवर पाणी घाला, पण तापल्या डब्यावर नको, शिवण उकलते. स्टेशनवर बॅग तपासणाऱ्या पोलिसाला पडद्यावर भोकांचा डबा दिसतो. त्याला दुय्यम हवेचं तत्त्व समजावत बसू नये. डब्यात कांदे भरून ठेवावेत. कांद्याला हवा लागते, हे प्रत्येक पोलिसाला माहीत असतं.