वसईची परतफेड

माद्रिद ते लिस्बन, सव्वासहाशे किलोमीटर. मोटरसायकलवर एकटाच जाणार म्हटल्यावर आईने वसईहून फोनवर विचारलं, "एकटाच? का, कोणी यायला तयार नाही?" 'सोलो रायडिंग'चं इतकं नेमकं वर्णन मी आजवर ऐकलेलं नाही.

पहिल्या सहाशे किलोमीटरांत लिहिण्यासारखं काही घडलं नाही. गुळगुळीत रस्ता, ओकच्या झाडांखाली चरणारी काळी डुकरं, मेरिदाचा रोमन पूल आणि चार वेळा कॉफी. बदाखोस ओलांडून पोर्तुगालमध्ये शिरलं की घड्याळ एक तास मागे जातं. एक तास फुकट मिळाला म्हणून मी खूश. तो कुठे खर्ची पडला ते येईलच पुढे.

लिस्बनमध्ये शिरायला तेजो नदीवर दोन मोठे पूल आहेत. १९९८ चा, वास्को द गामाच्या नावाचा पूल रुंद आणि माझ्या सोयीचा. पण वसईच्या माणसाने वास्को द गामावरून जायचं? त्या गृहस्थाने वाट दाखवली म्हणून तर हे लोक १५३४ ते १७३९ आमच्या गावात ठाण मांडून बसले! शाळेची प्रत्येक सहल किल्ल्यात नेणाऱ्या मास्तरांना स्मरून मी वाकडी वाट केली आणि १९६६ चा, '२५ एप्रिल' नावाचा झुलता पूल धरला. याच्या मधल्या लेनना डांबर नाही, लोखंडी जाळी आहे. तिच्याखाली सत्तर मीटरवर नदी. चारचाकीवाल्यांना जाळीची नुसती गुणगुण ऐकू येते, मोटरसायकलचं पुढचं चाक मात्र कीर्तनात रंगल्यासारखं डोलायला लागतं. शेजारच्या लेनमध्ये डांबर होतं, आणि त्यावर ट्रकांची रांग. मी स्वाभिमान आवळून धरला. हँडल तर आधीच आवळलेलं होतं.

खोली घेतली होती आल्फामात. १७५५ च्या भूकंपाने खालची बायशा पेठ भुईसपाट झाली, मग पोंबालच्या मार्क्विसने तिथे सरळ, काटकोनी रस्ते आखले. टेकडीवरचा आल्फामा बराचसा वाचला, गल्लीबोळांसकट. इतिहासप्रेमींना याचा आनंद वाटतो. मोटरसायकलवाल्याला वाटतं, नेमकं नको ते वाचलं. फोनमधली बाई "डावीकडे वळा" म्हणाली तिथे पायऱ्या होत्या. पुन्हा रस्ता शोधून ती "डावीकडे वळा" म्हणाली. तिथेही पायऱ्याच, शिवाय वाळत घातलेल्या चादरी.

शेवटी मोठ्या चर्चपासून पोर्तास दो सोलकडे जाणारा चढ धरला. शतकानुशतकं पावलांनी घासलेली दगडी फरसबंदी, तिच्यात ट्रामचे रूळ, आणि त्याच क्षणी भुरभुर पाऊस. रूळ तिरका नाही, शक्य तितका आडवा कापायचा, हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असण्यात आणि जमण्यात दोन पेट्या, एक तंबू आणि आईच्या चिवड्याच्या वजनाचा फरक असतो. गाडी सावकाश, एखाद्या म्हशीने बसकण मारावी तशी आडवी झाली. मी शेजारी बसलो.

मागून घंटा वाजली. अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्राम.

चिमाजीअप्पांच्या फौजेने वसई जिंकून चर्चच्या घंटा नेल्या, त्यांतल्या काही अजून आपल्या देवळांत वाजतात. आणि इथे पोर्तुगीज घंटा माझ्या कानाशी ठणठणत होती. हिशेब चुकता व्हायला पावणेतीनशे वर्षं लागली, पण झाला. खिडक्या-खिडक्यांतून मोबाईल बाहेर आले. एक वेटर, दोन विद्यार्थी आणि मासे घेऊन चाललेला एक माणूस धावत आले, गाडी उचलून भिंतीशी लावली. मी प्रत्येकाला "ओब्रिगादु" म्हणालो. मासेवाल्याला दोनदा.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून एक आजीबाई ओरडायला लागल्या, "शाव! शाव!" मला वाटलं, शाब्बास म्हणताहेत. मी हात जोडून नमस्कार केला. आजीबाई आणखी भडकल्या. रुळाकडे बोट दाखवत, मूठ पिरगाळत, "शाव!"

मग डोक्यात उजेड पडला. चावी! गाडीला नव्हती, खिशात नव्हती. मी पुण्याचा असतो तर 'किल्ली' म्हणत जन्मभर तिथे उभा राहिलो असतो. वसईकर असल्याने वाचलो. शब्द त्यांचाच, आपण घेतला आणि त्यातला 'च' सांभाळून ठेवला. यांनी मात्र मधल्या काळात त्याचा 'श' करून टाकला.

चावी रुळाच्या खाचेत होती. गोंधळात ती काढून मी ऐटीत खिशात टाकली होती, फक्त खिशाची चेन बंद होती. ट्रामचं पुढचं चाक तिच्यावरून जायला हातभर अंतर उरलेलं. ट्रामचा ड्रायव्हर एक लोखंडी सळई घेऊन उतरला, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता चावी उकरून काढली, आपल्या पँटला पुसून माझ्या हातावर ठेवली. ट्रामच्या मागे तोवर आणखी एक ट्राम, तीन टॅक्सी आणि एक कचऱ्याची गाडी जमली होती. सरहद्दीवर मिळालेला तास बहुतेक तिथे संपला.

मोटरसायकल मी उतारावरून ढकलत बायशातल्या सपाट रस्त्यावर नेऊन लावली आणि तीन दिवस तिच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर गेलो तो ट्रामने, दांडीला लोंबकळत. त्याच वळणावर ट्राम थांबली. वरच्या खिडकीत आजीबाई होत्याच. त्यांनी मला ओळखलं, कोपर चौकटीवर टेकवलं आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी हाक दिली, "शाव!"

माझा हात आपोआप खिशावर गेला.