ज्याचं वेष्टन, त्याच्या खाटेखाली

आमच्या घरात खातेवाटप झालं तेव्हा मी गच्चीवर पाण्याची टाकी बघायला गेलो होतो. खाली येईपर्यंत वजनदार खाती वाटून झाली होती. अर्थ बायकोकडे, गृह आईकडे, माहिती व प्रसारण कन्येकडे. माझ्या नावापुढे ‘सुका कचरा’ एवढंच शिल्लक होतं. ‘‘अहो, ओला मिळाला असता तर?’’ असं म्हणून बायकोने माझं सांत्वन केलं आणि बैठक संपली.

ओला मिळाला असता तर बरं झालं असतं, हे आता मी अधिकारवाणीने सांगू शकतो. ओला कचरा प्रामाणिक असतो. तो नासतो, वास मारतो, माती होतो आणि विषय संपवतो. सुका कचरा काही केल्या म्हातारा होत नाही. महिन्यापूर्वी फेकायचं राहिलेलं पाकीट आजही बादलीतून माझ्याकडे बघून तितकंच चकाकतं.

परवा रिमोटसाठी बोटाएवढ्या दोन बॅटऱ्या आणल्या. दोनच. पण नवरा-नवरी कधी एकटे येतात का? मागे पुठ्ठा, पुढे कडक पारदर्शक प्लॅस्टिकचा फुगवटा, दोघांवर आणखी एक पातळ प्लॅस्टिक, आत बारीक अक्षरांतलं सूचनापत्रक, वर पिशवी आणि पिशवीच्या तोंडाला बिलासकट टाचलेली पिन, असं अख्खं वऱ्हाड घरात आलं. पाकिटाच्या कडेला ‘येथून उघडा’ असा बाण होता. तिथून ओढलं की फक्त बाण निघून हातात येतो. मग नखं झाली, दात झाले, किल्ली झाली. शेवटी आईने अडकित्ता दिला. हे कडक प्लॅस्टिक खरं तर चोरासाठी असतं म्हणे. लहान वस्तू खिशात घालून पसार होता येऊ नये आणि दुकानातल्या आकड्यावर ती झोकात लटकावी, म्हणून ती अशी जेरबंद करतात. म्हणजे चोरी चोराने करायची आणि दात पैसे भरणाऱ्याने पणाला लावायचे.

वस्तू बाहेर निघाली की बाकीचे लोक ती घेऊन निघून जातात. माझं काम तिथून सुरू होतं. पुठ्ठा कागदात जायला हवा, पण प्लॅस्टिक त्याला सोडत नाही. पाकीट उलटं केलं की तळाशी तीन बाणांचा त्रिकोण आणि आत एक आकडा. तो त्रिकोण पाहून सगळ्यांनाच वाटतं की चला, हे पुन्हा वापरात जाणार. त्या आकड्याने फक्त प्लॅस्टिकची जात कळते. अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाने 1988 मध्ये ही पद्धत काढली, 1 ते 7. त्यातला 7 म्हणजे ‘इतर’. माझ्या खात्याचा निम्मा कारभार या ‘इतर’वर चालतो. बाणांमुळे लोकांची फसगत होते हे लक्षात आल्यावर 2013 मध्ये प्रमाणित खुणेतले बाण काढून साधा त्रिकोण केला, आणि जे खरोखर पुनर्वापरात जातं त्यावरच बाण छापा, असा कायदा कॅलिफोर्नियाने 2021 मध्ये केला. आमच्या बादलीतले बाण अजूनही गरगर फिरताहेत.

सगळ्यांत वाईट चकचकीत पाकिटं. बाहेर प्लॅस्टिक, मध्ये ॲल्युमिनियमचा तलम थर, आत पुन्हा प्लॅस्टिक. एक दमटपणा अडवतो, एक हवा अडवतो, एक उजेड अडवतो, आणि तिघं मिळून भंगारवाल्याला अडवतात. थर सुटे करणं परवडत नाही. आमच्या भंगारवाल्याने ती पिशवी हातात घेतली, वजन केल्यासारखं केलं आणि कुणाचं तरी बाळ परत करावं तशा हळुवारपणे माझ्या हातात ठेवली.

तेव्हा मी कायदा करायचं ठरवलं.

जगाने काय काय करून पाहिलंय याचा आधी अभ्यास केला. पहिलं नाव आयर्लंडचं. मार्च 2002 मध्ये तिथे दुकानातल्या प्रत्येक प्लॅस्टिक पिशवीवर 15 सेंट कर लावला. माणशी वर्षाला 328 पिशव्या वापरणारा देश 21 वर आला. पुढे लोक जरा सैलावले, तेव्हा 2007 मध्ये सरकारने कर 22 सेंट केला. मी हे जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं आणि एक बरणी मध्ये ठेवली. नव्या पिशवीमागे एक नाणं.

कन्येने दुसऱ्याच दिवशी बरणीत नोट टाकली आणि म्हणाली, ‘‘बाबा, वर्षभराचे भरून ठेवलेत. आता मला काही बोलायचं नाही.’’ बायको अर्थमंत्री असल्याने बरणीवर तिचा अधिकार होता. त्यामुळे ती आपला कर भरायची आणि भाजीला सुटे हवेत म्हणून काढूनही घ्यायची. आणि आई! आईच्या दाराच्या खिळ्याला एक पिशवी टांगलेली आहे. तिच्यात पिशव्या आहेत. त्यातल्या प्रत्येक पिशवीत आणखी पिशव्या आहेत. कर लागू झाल्याबरोबर या साठ्याला बाजारभाव आला. नवी पिशवी आणून ती आईच्या साठ्यात मुरवायची, जुनी म्हणून बाहेर काढायची, की कर माफ. आयर्लंडमध्ये ही सोय नव्हती. तिथे कर गल्ल्यावर, चारचौघांत, बिलावर वेगळा लिहून वसूल होत होता. माझं गल्ल्यावर कुणी नव्हतं.

मग बंदी. बांगलादेशने 2002 मध्येच पातळ पॉलिथिन पिशव्यांवर बंदी घातली, असं करणारा तो पहिला देश. 1988 आणि 1998 च्या पुरांत गटारं तुंबायला या पिशव्यांनी हातभार लावला होता. केनियाने ऑगस्ट 2017 मध्ये तर चाळीस लाख शिलिंगांपर्यंत दंड किंवा चार वर्षांपर्यंत कैद ठेवली. ‘‘चार वर्षं?’’ कन्येचे डोळे चमकले. ‘‘म्हणजे दहावीची परीक्षा बुडेल?’’ तिने लगेच दोन पिशव्या आणून टेबलावर ठेवल्या आणि हात पुढे केले.

बंदीत आणखी एक घोळ असतो, व्याख्येचा. पिशवी कशाला म्हणायचं? कॅलिफोर्नियाने 2016 पासून एकदा वापरायच्या पातळ पिशव्या बंद केल्या, पण जाड पिशवी पुन्हा वापरता येते म्हणून विकत द्यायला मोकळीक ठेवली. लोकांनी जाड पिशवी घेतली आणि तीही एकदाच वापरून टाकली. ती पळवाट बुजवायला 2024 मध्ये दुसरा कायदा करावा लागला. भारतात पिशवीची किमान जाडी सप्टेंबर 2021 मध्ये 75 मायक्रॉन झाली आणि 2022 च्या शेवटी 120. जाड पिशवी महाग पडते, फुकट वाटली जात नाही, गोळा करायलाही परवडते, असा त्यामागचा हिशेब. मात्र मायक्रॉन डोळ्यांना दिसत नाहीत. मी पिशवी चिमटीत धरून उजेडाकडे बघायचो आणि बायको माझ्याकडे बघायची.

फ्रान्सची गोष्ट मी घरात बोलायला नको होती. जानेवारी 2022 पासून तिथे तीसेक फळं-भाज्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून विकायला मनाई झाली, पण दीड किलो किंवा त्याहून मोठ्या पाकिटाला सूट. ‘दीड किलो’ हे शब्द बायकोने पकडले. तेव्हापासून आमच्याकडे कुठलीही गोष्ट दीड किलोच्या खाली येत नाही. टाचण्यासुद्धा.

दरम्यान एका दुकानातून ‘निसर्गात विरघळणारी’ पिशवी आली. पानांचं चित्र, हिरवी अक्षरं, वर ‘मी मातीची लेक’ वगैरे. मी भाबड्या आनंदाने ती तुळशीशेजारच्या मोठ्या कुंडीत पुरली. ऋतू बदलला, माती उकरली, तर मातीची लेक माहेरी सुखरूप. अक्षरंसुद्धा वाचता येत होती. चौकशी केल्यावर कळलं की अशा बऱ्याच पिशव्या ज्या कसोटीला उतरतात ती कसोटी मोठ्या कारखान्यातल्या कंपोस्टची असते. तिथे साठ अंशांच्या आसपास उष्णता आठवडेच्या आठवडे धरून ठेवतात. माझ्या कुंडीला एवढा ताप आणायचा कसा? आई म्हणाली, ‘‘पांघरूण घाल.’’

कर झाला, बंदी झाली, निसर्ग झाला. बादली होती तेवढीच भरत होती. आणि मग मला जर्मनी सापडला.

जर्मनीने जून 1991 मध्ये एक आदेश काढला, आणि त्यात गिऱ्हाइकाला उपदेश करायच्या भानगडीतच तो पडला नाही. उरलेलं वेष्टन ज्याने बाजारात आणलं त्याने परत न्यायचं, एवढंच. डिसेंबर 1991 पासून माल वाहून आणायची खोकी, एप्रिल 1992 पासून वस्तूवरचं जादा आवरण, जानेवारी 1993 पासून वस्तूचं स्वतःचं वेष्टनसुद्धा. दुकानदाराने आवरण काढून घ्यायचं, नाहीतर गिऱ्हाइकाला ते तिथेच काढून टाकायला पेट्या ठेवायच्या. म्हणजे बाई आल्या, डबी घेतली, डबीचा खोका दुकानातच सोडला आणि चालत्या झाल्या! दुकानदाराच्या मागच्या खोलीत खोक्यांचा डोंगर झाला की तो कंपनीला विचारणारच, बाबा रे, डबीला खोका कशाला? माझ्यासारख्या खातेधारकाला हे वाचताना भरून येतं.

उत्साहाच्या भरात मी दुकानात प्रयोग केला. टूथपेस्ट घेतली, पैसे चुकते केले, नळी खिशात घातली आणि खोका गल्ल्यावर ठेवून निघालो. मुलगा धावत मागे आला. ‘‘काका, खोका राहिला.’’ मी म्हटलं, तो तुमचा. तो म्हणाला, ‘‘पैसे भरलेत ना तुम्ही?’’ भरलेत, पण पेस्टचे. ‘‘नाही, काका, तुमचाच आहे.’’ इतक्या अदबीने कचरा परत मिळण्याचा प्रसंग विरळा. मागे रांग थांबली होती. एका आजोबांनी माझी बाजू घेतली, पण त्यांना वाटलं होतं की मला सुटे कमी मिळालेत. शेवटी खोका माझ्याकडे आला, आणि मुलाने प्रेमाने तो एका नव्या पिशवीत घालून दिला.

दुकानात कायदा माझा नव्हता. घरात होता. त्या रात्री आदेश निघाला: जो वेष्टन घरात आणेल, त्याने ते बादलीत टाकायचं नाही. स्वतःच्या खाटेखाली ठेवायचं.

लागू पडला की हो! कराला न बधलेली आणि कैदेला उत्सुक असलेली माणसं आठवड्याभरात सरळ झाली. बायकोची खाट खोक्यांवर तरंगू लागली. तिने आधी युक्तिवाद केला की हा खोका रिकामा नाही, आत बबल रॅप आहे, म्हणजे हे सामान झालं. मी युरोपचा 2025 चा नवा नियम काढून दाखवला. तिथे 2030 पासून घरपोच मालाच्या खोक्यात निम्म्याहून जास्त जागा रिकामी चालणार नाही, आणि हवेच्या उशा, बबल रॅप, कागदाच्या कातरणी, फोम, हे सगळं रिकाम्या जागेतच मोजायचं. हवा ती हवाच, तिला उशी म्हटलं म्हणून काय झालं? संसारात एवढा निखालस विजय मला क्वचितच मिळाला आहे. त्यानंतर ती दुकानात खोका उघडून, वस्तू पिशवीत टाकून, खोका तिथल्या तिथे देऊन येऊ लागली. तिला कुणी ‘काकू, खोका राहिला’ म्हणत नाही. तसं म्हणण्याची कुणाची टाप नाही.

जर्मन कंपन्यांनीही डोंगर अंगावर येण्याआधी तोड काढली होती. प्रत्येकाने आपापला कचरा गोळा करण्याऐवजी सगळ्यांनी मिळून एक संस्था उभी केली. तिला पैसे भरायचे आणि पाकिटावर हिरवा ठिपका छापायचा. ठिपका असला की ती संस्था घरोघरून वेष्टन उचलणार. पैसे वजनावर आणि मालावर. प्लॅस्टिकला जास्त, कागदाला कमी. त्यामुळे पाकीट हलकं करण्यात कंपनीचाच फायदा होऊ लागला.

हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं, शपथेवर सांगतो. पण आईने ते स्वतःच शोधून काढलं. तिच्या खाटेखाली जागा होती, कारण ती दुकानात जातच नाही. तिने कन्येच्या शाळेच्या प्रकल्पातून उरलेल्या हिरव्या गोल चिकट टिकल्या घेतल्या आणि पेढी उघडली. टिकली लावलेलं वेष्टन आजीच्या खाटेखाली जाणार. मोबदला कामाच्या रूपात. साधा पुठ्ठा असेल तर चष्मा शोधून द्यायचा. कडक प्लॅस्टिकला पाय चेपायचे. चकचकीत पाकिटाला पाय चेपून झाल्यावर तिच्या माहेरच्या सगळ्या मंडळींची हकीकत पहिल्यापासून ऐकायची.

दोन चकचकीत पाकिटांतच कन्येने ती पाकिटं आणणं सोडलं. भंगारवाल्याला, बाणांना आणि केनियाला जे जमलं नव्हतं ते माझ्या मामेआजोबांच्या लग्नाच्या गोष्टीने करून दाखवलं.

कारभार उत्तम चालला होता. मग टिकल्या संपल्या आणि ज्या कागदावर त्या चिकटवलेल्या होत्या तो गुळगुळीत, भोकाभोकांचा कागद उरला. टिकली सहज सुटावी म्हणून त्यावर सिलिकोनचा लेप असतो, त्यामुळे तो नेहमीच्या रद्दीत चालत नाही. आईने तो चष्म्याखालून, चष्म्यावरून तपासला आणि नियमावर बोट ठेवलं. याच्यावर टिकली नाही, सबब हा तिच्या पेढीत येत नाही. कन्येचं म्हणणं, टिकल्या तिने शाळेसाठी आणल्या होत्या, धंदा आजीने केला. बायको म्हणाली, खातं कुणाचं?

तो कागद मी त्या रात्री एका खाटेखाली सरकवून दिला. कुणाच्या ते इथे लिहीत नाही, कारण माझं लिखाण छापायच्या आधी ती तपासते.