ग्रीकांना ‘आत्ता’ आठवत नव्हतं म्हणे!

सध्या एक मजकूर फिरतोय. प्राचीन ग्रीकमध्ये ‘आठवणे’ फक्त भूतकाळात चालतं, तेही कर्मणीत. म्हणजे ग्रीकांच्या लेखी माणूस आठवत नसे, आठवणच त्याला गाठायची. वर नेहमीची फोडणी: हे क्रियापद आपल्या ‘स्मृ’चाच अपभ्रंश.

आधी भूतकाळ. रूप आहे ‘मेम्नेमाइ’, म्हणजे ‘मला आठवतं’. सुरुवातीचं ‘मे’ हे द्वित्व, म्हणजे धातूचं पहिलं अक्षर पुन्हा येणं, संस्कृत ‘ददर्श’ (पाहिलं) मधल्यासारखं. ग्रीकमधला हा परफेक्ट, घडून गेलेल्या गोष्टीमुळे आत्ता असलेली स्थिती सांगणारा. पोरगं दारातूनच ‘आई, भूक लागली’ ओरडतं, तेव्हा रूप भूतकाळाचंच असतं. म्हणून कुणी ‘लागली होती ना, मग आता कशाला जेवतोस?’ असं विचारत नाही. संस्कृत ‘वेद’ म्हणजे ‘जाणतो’, लॅटिन ‘मेमिनी’ म्हणजे ‘मला आठवतं’. त्यांचीही हीच तऱ्हा. शिवाय ‘आठवत होतं’साठी एमेम्नेमेन आणि ‘आठवणीत ठेवीन’साठी मेम्नेसोमाइ आहेच. साधं वर्तमानकाळी मिम्नेस्कोमाइसुद्धा आहे.

आणि आज्ञार्थाचं काय? ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो: आयोनियन ग्रीकांनी अथेन्सकरांच्या साथीने पर्शियाच्या ताब्यातलं सार्डिस शहर जाळलं, हे कळल्यावर पर्शियाच्या दारियस राजाने एका नोकराला कामच लावलं. ताट वाढलं की दर वेळी तीनदा म्हणायचं, ‘देस्पोता, मेम्नेओ तोन अथेनाइओन’; धनी, अथेन्सवाले ध्यानात असू द्या. मेम्नेओ हे त्याच ‘भूतकाळी’ रूपाचं आयोनियन बोलीतलं आज्ञार्थी रूप. होऊन गेलेल्या गोष्टीचा हुकूम कसा सोडणार?

कर्मणीचा मुद्दा दिसायला खरा. परफेक्टमध्ये कर्मणी आणि आत्मनेपदी (कर्ता स्वतःपुरतं करतो ती) रूपं एकच असतात, त्यामुळे फसायला होतं. पण इथे अर्थ आत्मनेपदाचा. कर्तरी मिम्नेस्को म्हणजे दुसऱ्याला आठवण करून देणं. मिम्नेस्कोमाइ म्हणजे स्वतःच मनात आणणं. आठवण येऊन गाठते, हे वर्णन खरं तर आपल्या ‘मला आठवतं’लाच जास्त शोभतं!

राहिला ‘स्मृ’. तो धातूच वेगळा. मेम्नेमाइचं गणगोत म्हणजे मन, मति आणि ‘आम्नाय’ (परंपरेने आलेले वेद) मधला म्ना. खरं साम्य मजकूर लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटलंय. दारियसच्या नोकराच्या वाक्यात अथेन्सकर षष्ठीत आहेत, द्वितीयेत नाहीत. ग्रीकमध्ये जे आठवायचं ते सहसा षष्ठीत जातं. पाणिनीच्या २.३.५२ या सूत्रानेही स्मरणार्थी धातूंच्या कर्माला षष्ठी लागते: मातुः स्मरति.