आता कळून काय उपयोग?

एकेचाळिसाव्या वर्षी मला ऑटिझमचं निदान झालं. ज्यांना सांगितलं त्यांतल्या बहुतेकांनी हाच प्रश्न विचारला. एकदोघींनी वर "तुझ्याकडे बघून वाटत नाही गं" असंही म्हटलं, अगदी कौतुकाने. समोरासमोर मला उत्तर सुचत नाही, म्हणून लिहून काढते.

ऑटिझम रक्ततपासणीत किंवा स्कॅनमध्ये दिसत नाही. गप्पा, निरीक्षण, प्रश्नावल्या आणि लहानपणाची कसून चौकशी, यावरून ठरतं. प्रश्नावल्यांनी माझा घाम काढला. एकीत 50 विधानं होती आणि प्रत्येकापुढे 'पूर्ण सहमत', 'थोडंसं सहमत' असे पर्याय. थोडंसं म्हणजे किती? समारंभ आवडतात का, तर कुणाचा समारंभ, माणसं किती, लवकर निघता येतं का? शेवटी मी समासात खुलासे लिहायला लागले. मानसशास्त्रज्ञ बाईंनी ते समास बघितले आणि हसू दाबत म्हणाल्या, "हेही उत्तरच आहे."

मग लहानपणाची माहिती द्यायला आईला बोलावलं. आई ठाम होती. "छे हो, हिचा काहीच त्रास नव्हता. बटणांचा डबा दिला की रंगांप्रमाणे लावत तासन् तास बसायची. कपड्यांची लेबलं तेवढी कापून द्यावी लागायची. पाहुणे आले की पलंगाखाली." थोडं थांबून म्हणाली, "पण यात विशेष काय? मीही अशीच होते."

ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो हे मी वाचलं होतं. तो वाटा शेजारच्या खुर्चीत पर्स घट्ट धरून बसलेला त्या दिवशी पाहिला.

आमच्यासारख्या कुणाच्या लक्षात आल्या नाहीत, याचं मला आता नवल वाटत नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली ऑटिझमवरच्या सुरुवातीच्या लेखात ज्या 11 मुलांबद्दल लिहिलं त्यांत मुली 3 होत्या. पुढे कित्येक वर्षं ऑटिझम म्हटलं की एकलकोंडा लहान मुलगाच डोळ्यांसमोर यायचा. शिवाय आपल्याकडचा शब्द 'स्वमग्न'. मला तो पटत नाही. चारचौघांत माझा सगळा वेळ समोरच्यांचे चेहरे वाचण्यात जातो. आता हसायचं, आता "हो ना" म्हणायचं, आता डोळ्यांत बघायचं पण फार वेळ नाही. स्वतःत मग्न व्हायला सवड कुठे मिळते?

तर ते "बघून वाटत नाही" हे असं कमावलेलं आहे. यालाच मास्किंग म्हणतात. 2013 साली आलेल्या डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या निदानासाठीच्या अमेरिकन पुस्तिकेतल्या निकषांतही लिहिलंय की शिकून घेतलेल्या युक्त्यांमागे लक्षणं झाकली जाऊ शकतात. या झाकाझाकीचं बिल घरी येतं. समारंभाहून परतले की मी अंधाऱ्या खोलीत पडून राहते आणि तोंडातून शब्द फुटत नाही. राग नसतो, रुसवा नसतो. शब्दच नसतात. वर्षानुवर्षं घरच्यांनी याला 'फुगून बसणं' म्हटलं आणि मीही ते मान्य केलं होतं, हे जास्त वाईट.

उपयोग इथे झाला. आता मी नवऱ्याला "आज शब्द संपलेत" एवढा मेसेज करते आणि तो दार लोटून घेतो. त्यानेही एक सवय सोडली. तो "बघू" म्हणाला की मी वाट बघायचे, दोन दिवसांनी विचारायचे, तो वैतागायचा. 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा 'नाही', हे मला लग्नानंतर 14 वर्षांनी कळलं. आता तो सरळ 'नाही' म्हणतो. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकाने 2012 मध्ये मांडलं की समजून घेण्यातली अडचण दोन्ही बाजूंची असते. आमच्या घरी तो सिद्धांत एका शब्दावर निभावला.

बाकी फार काही बदललेलं नाही. ट्यूबलाइटची गुणगुण अजून ऐकू येते. फोन करण्याआधी अजून कागदावर वाक्यं लिहिते, आणि पलीकडच्याने भलताच प्रश्न विचारला की कागद निरुपयोगी. भूक लागलेली कळत नाही, म्हणून जेवणाचा गजर लावते. ठरलेला बेत ऐनवेळी बदलला की आजही पोटात खड्डा पडतो. ऑफिसात कामाच्या सूचना लेखी मागितल्या, तर "सगळ्यांनाच थोडंथोडं असतं हो" असं ऐकायला मिळालं. सूचना अजून तोंडीच मिळतात. आणि मधूनच पलंगाखालची ती मुलगी आठवून रडू येतं, त्यावर औषध नाही.

परवा आईकडे गेले होते. घर माणसांनी भरलेलं, सगळे एकाच वेळी बोलत होते. आई स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ते तुझे कानातले बोळे दे गं जरा. दहा मिनिटं."

अजून परत दिलेले नाहीत.