वगैरेचा तपशील जोडावा

परवा आमची ‘कोसला’, भालचंद्र नेमाड्यांची कादंबरी, घरी परत आली. पाच महिन्यांनी. गेली तेव्हा बरी होती, आली ती ऑडिट होऊन.

नेली होती वरच्या मजल्यावरच्या काकांनी. सरकारी लेखापरीक्षणात ३४ वर्षं काढून निवृत्त झालेले. डिसेंबरात एकदा गच्चीवर उन्हात बसलेले दिसले. वेळ जात नाही म्हणाले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “काका, काही वाचत का नाही?” हे वाक्य मी आयुष्यात पुन्हा कोणाला म्हणणार नाही.

पुस्तकाला खाकी कव्हर घातलं होतं. त्यावर पांढरी चिठ्ठी, चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात ‘कोसला. एकूण आक्षेप १४’. मागच्या पुठ्ठ्याला भोक पाडून पांढऱ्या टॅगने दोन फुलस्केप कागद ओवलेले. पुठ्ठ्याला भोक! आणि आत पानापानावर हिरवी शाई. पेन्सिल असती तर मी एक वेळ समजून घेतलं असतं.

नवतपा लागलेला, बाहेर ४५ अंश. काका आमच्या कूलरच्या बरोबर समोर, जिथे घरातल्या माणसालाही बसायला मिळत नाही तिथे, मांडी घालून बसले. मी पन्हं दिलं. त्यांनी चष्मा पुसला.

“वहिनी, पुस्तक चांगलं आहे,” ते म्हणाले. “पण बाप्पा, एकही व्हाउचर नाही.”

मी हसले. विनोद असेल असं वाटलं. तो नव्हता.

“आता हे पाहा. पॅरा एक. नायकाचं वय पंचवीस, उत्पन्न निरंक. ठीक आहे, बेकारी असते. पॅरा तीन पाहा. हा माणूस पानापानावर ‘वगैरे’ लिहून राहिला. वगैरे म्हणजे काय? मी साठ पानांपर्यंत मोजले, मग सोडून दिलं. उभ्या नोकरीत मी वगैरेवर एक रुपया पास केला नाही. लिहिलं आहे मी तिथे, ‘वगैरेचा तपशील जोडावा’.”

लिहिलं होतं. सात ठिकाणी.

“काका, ती त्याची भाषा आहे. नेमाड्यांनी १९६३ साली हे लिहिलं, स्वतः पंचविशीत असताना. तेव्हा मराठी कादंबरीत असं कोणी बोलतच नव्हतं. नुसत्या त्या भाषेवरून लोक भांडले...”

“भांडणारच ना. आणि हे ‘उदाहरणार्थ’? उदाहरणार्थ म्हणतो आणि उदाहरणच देत नाही! पॅरा पाच.”

आमचे हे पेपरामागे बसले होते. पेपर हलायला लागला.

पॅरा आठ मेसचा. पांडुरंग सांगवीकर हॉस्टेलच्या मेसचा सेक्रेटरी होतो आणि तो कारभार त्याच्या अंगाशी येतो, हे वाचलेल्यांना आठवत असेल. माझ्या आठवणीत तो सगळा भाग हसू येऊन पोट दुखण्याचा. काकांनी मात्र तिथे समासात निविदा मागवल्या होत्या का, भांडारनोंदवही कोणाच्या ताब्यात होती, प्राचार्यांनी अचानक तपासणी केली का, असे तीन प्रश्न घालून खाली एक रेघ आणि छोटी सही केली होती. कादंबरीतल्या माणसावर सही! त्या पानाशी आले तेव्हा काकांचा आवाजच बदलला. “पोरगा चोर नाही, वहिनी,” ते म्हणाले. “पोरगा भोळा आहे. असे लय पाहिले मी. पैसा दुसराच खातो आणि सही या भैताडाची असते.”

इथे मला खरं म्हणजे थांबून त्यांना विचारायला हवं होतं, की काका, असं कोण पाहिलं होतं तुम्ही? पण मी तेव्हा पुठ्ठ्याच्या भोकाकडे बघत होते.

आता पुस्तक वाचून माणसाला काय वाटावं, यावर कोणाची सत्ता नाही, हे मलाही कळतं. आमच्याच घरात बघा. आईला ‘स्मृतिचित्रे’ जवळजवळ पाठ. पण लक्ष्मीबाई टिळकांच्या सोसण्यापेक्षा तिला जास्त लागलेली गोष्ट म्हणजे त्यांचे पती रेव्हरंड टिळक काही काळ नागपूरला श्रीमंत बुटींकडे होते आणि इथून गेले. राजनांदगावच्या गाडीत त्यांना तो मिशनरी भेटला, हे वाचून ती दर वेळी पुस्तक मिटते आणि म्हणते, “नागपूर सोडलं नसतं तर पुढचं काही झालं नसतं.” धर्म, कविता, १८९५ चा तो बाप्तिस्मा, सगळ्याचं खापर रेल्वेवर. माझी आत्या ‘वाडा चिरेबंदी’ हे एलकुंचवारांचं नाटक वाचून आठ दिवस माझ्या चुलत्यांशी बोलली नव्हती. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आमच्याही गावी होता. एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. तेव्हा आमच्या घरातलं त्यांच्या कानावर कोणी घातलं असेल, तर ते या चुलत्यांनीच, अशी तिची खात्री. आणि कवी ग्रेस? नागपुरात ग्रेस वाचलेले कमी, पाहिलेले जास्त. मॉरिस कॉलेजच्या आवारात त्यांना चालताना पाहिलं, इतक्या भांडवलावर अख्खी संध्याकाळ बोलणारे तीन जण मला माहीत आहेत. कवितेचा विषय काढला की तिघंही चहा मागवतात.

त्या सगळ्यांवर मी हसले आहे. आई-आत्यांवर तर लेखही लिहिलाय. पण त्यांच्यापैकी कोणी माझ्या पुस्तकाला भोक पाडलं नव्हतं.

मला राग कशाचा येतो सांगू? पुस्तक नेणारा माणूस ते कधी विसरतो, कधी हरवतो, कधी त्याच्यावर भाजीचं भांडं ठेवतो, आणि परत देताना ‘ठीक आहे’ म्हणतो. ठीक आहे! माझ्या कपाटातून गेल्या वीस वर्षांत निदान चाळीस पुस्तकं ‘लगेच देते’ म्हणून गेली आहेत. त्यातली काही मी दुसऱ्यांच्या दिवाणखान्यात, त्यांच्या नावाचा शिक्का मारलेली, डोळ्यांनी पाहिली आहेत. तरी तिथे मी चहा पिऊन, ‘छान कलेक्शन आहे हो’ म्हणून घरी आले. मागायला मलाच लाज वाटते. न्यायला त्यांना वाटत नाही.

असो. काका पॅरा अकरावर आले होते.

हा पॅरा मनीचा. पांडुरंगची धाकटी बहीण, देवीने जाते ती. मी ही प्रत एकोणीस वर्षांची असताना बर्डीवर फुटपाथवरून जुनी घेतली होती. त्या पानांपाशी आले तेव्हा हॉस्टेलच्या संडासात जाऊन रडले, कारण खोलीत तिघी होत्या. काकांनी त्या पानावर हिरव्या शाईने दोनदा रेघ मारून लिहिलं होतं, ‘लस का टोचली नाही?’

“१८०२ साली मुंबईत पहिली लस टोचली, वहिनी. तीन वर्षांच्या पोरीला. दीडशे वर्षं झाली होती! दीडशे! सरकारने मोहीम काढली ती १९६२ मध्ये. पण लस होती ना? मग का नाही टोचली? कोणाची जबाबदारी होती?” ते चक्क ओरडले. पन्ह्याचा पेला हातात हलला. “या पॅराचं उत्तर पाहिजे मले.”

मी म्हटलं, “काका, ती गोष्ट आहे.”

“माहीत आहे मले.”

थोडा वेळ नुसता कूलर वाजत राहिला.

मग त्यांनी पानं उलटली आणि, मला बरं वाटावं म्हणून असेल, आवाज खाली आणून म्हणाले, “आणि एक सांगायचं राहिलं. कोणीतरी पुस्तक खराब करून ठेवलं होतं. वडिलांशी खटकतं ना त्याचं, तिथे पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘अगदी माझंच!’ उद्गारचिन्ह वगैरे.”

त्यांच्या तोंडी ‘वगैरे’ आला हे माझ्या लक्षातही आलं नाही. माझे कान गरम झाले होते.

“जुनी प्रत आहे ना काका,” मी म्हणाले. “आधीच्या कोणाचं तरी असेल.”

पेपरामागून खोकल्याचा आवाज आला.

“अक्षरावरून पोरगी दिसते,” काका म्हणाले. “अभ्यास सोडून लोळत वाचणारी. बापाच्या पैशावर. चिंता नका करू, मी रबराने साफ खोडून टाकलं. पुस्तकात असं लिहू नये लोकांनी.”

हे त्यांनी हिरव्या शाईचं पान माझ्यासमोर धरून सांगितलं.

रात्री हे म्हणाले, हसून सोड. मी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन फुलस्केप काढले आणि चौदाही पॅरांची उत्तरं लिहिली. ‘वगैरे हा खर्च नसून स्वभाव आहे, सबब तपशील जोडता येत नाही.’ ‘मेसबाबत आपले निरीक्षण मान्य.’ चौदाव्यात त्यांनी नायक शेवटी गावीच परततो म्हणून पुण्याचा संपूर्ण खर्च वसूल करायचं सुचवलं होतं. तिथे मी लिहिलं, ‘वसुली वाचकांकडून आजतागायत चालू आहे.’ मला हे वाक्य फार आवडलं. अकराव्यापुढे बराच वेळ पेन घेऊन बसले. शेवटी ‘खेडेगाव असल्याने’ एवढंच लिहिलं आणि कागद त्यांच्या दाराखालून सरकवला.

आज सकाळी दूधवाल्याबरोबर उत्तर आलं. हिरव्या शाईत. पॅरा एक ते दहा निकाली, बारा ते चौदा निकाली. पॅरा अकराचं उत्तर समाधानकारक नाही, सबब कायम. खाली पुढचं पुस्तक मागितलं आहे, शक्यतो जमाखर्च नीट असलेलं. आणि सहीच्याही खाली, जागा कमी पडल्याने बारीक अक्षरात, ‘पेन्सिलीची नोंद करणारी पोरगी सापडल्यास १५ दिवसांत कळवावे.’

यांनी तो कागद फ्रिजवर चुंबकाने लावला आहे. दर वेळी पाणी प्यायला उठले की विचारतात, “सापडली का?”